वाचकांचे प्रश्न : लघवी पूर्ण झाली नाही असे का वाटते?

प्रश्न : माझे वय ६३ वर्षे असून मला दहा-बारा वर्षांपासून मधुमेह आहे. काही महिन्यांपासून लघवी करून आल्यावरही ती पूर्ण झाली नाही असे वाटते. लगेच पुन्हा गेलो तर चार थेंबच होतात. सोनोग्राफीत प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी) थोडी वाढलेली आणि लघवीनंतर मूत्राशयात ३५ मिलिलिटर उरलेली असल्याचे आढळले. काळजीचे कारण नाही असे सांगण्यात आले, पण त्रास तसाच आहे. त्यामुळे मी पाणी पिणे कमी केले आहे. हा भास आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : हा भास नाही. आपल्याला जाणवते ते खरे आहे, मात्र मूत्राशयात लघवी साठून राहिली आहे असा त्याचा अर्थ होत नाही. लघवीनंतर ५० मिलिलिटरपर्यंत उरणे सामान्य मानतात आणि उतारवयात त्याहून थोडे अधिकही चालते. २०० मिलिलिटरच्या पुढे गेल्यास मात्र मूत्राशय नीट रिकामे होत नाही असे समजावे. सोनोग्राफीच्या वेळी भरपूर पाणी पाजून बराच वेळ लघवी रोखायला लावतात, आणि असे ताणलेले मूत्राशय एरवीइतके रिकामे होत नाही, म्हणून कोणाचा आकडा मोठा आला तरी तपासणी पुन्हा केल्याशिवाय त्यावर निष्कर्ष काढू नये.

लघवी उरलेली नसतानाही तसे वाटते, याचे कारण बहुधा मूत्राशयाच्या किंवा त्याच्या तोंडाशी असलेल्या भागाच्या चुरचुरण्यात असते. जंतुसंसर्ग, मूतखडा (विशेषतः मूत्रपिंडातून मूत्राशयात येणाऱ्या मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाशी अडकलेला), प्रोस्टेटची सूज किंवा अतिसंवेदनशील झालेले मूत्राशय, यांपैकी कशानेही रिकाम्या मूत्राशयातून भरल्याची सूचना मिळत राहते. बद्धकोष्ठतेकडे फार थोड्यांचे लक्ष जाते; पण गुदाशय मूत्राशयाच्या मागेच असल्याने तेथे साठलेला मळ त्यावर दाब आणतो, आणि पोट साफ होऊ लागल्यावर काहींची ही तक्रार बरीच कमी होते. स्त्रियांमध्ये गर्भाशय किंवा मूत्राशय खाली सरकणे हे एक महत्त्वाचे कारण आहे, आणि संकोचामुळे ते सांगायचे राहून जाते.

आपल्या बाबतीत मला अधिक विचार मधुमेहाचा करावासा वाटतो. साखर वाढलेली असली की लघवी अधिक तयार होते. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या काही गोळ्यांनीही असेच होते. याउलट, दीर्घकाळच्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा मंदावतात, आणि मग पुष्कळ लघवी साठूनही काहीच जाणवत नाही. ही अवस्था आपल्या तक्रारीपेक्षा अधिक धोक्याची आहे, म्हणून उरलेल्या लघवीचे मोजमाप अधूनमधून करून घ्यावे. पायांची आग होते म्हणून आपण अमिट्रिप्टिलीन घेत असाल, किंवा सर्दीच्या गोळ्या वारंवार घेत असाल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण या औषधांनी लघवी अडखळते. कोणतेही औषध परस्पर बंद मात्र करू नये.

लघवीची साधी तपासणी व कल्चर (लघवीत जंतू वाढतात का हे पाहणारी तपासणी), रक्तातील साखर, मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीच्या धारेचा वेग मोजणारी युरोफ्लोमेट्री एवढ्या तपासण्या करून घ्याव्यात. वेग सेकंदाला १० मिलिलिटरच्या खाली असेल, तर मार्गात अडथळा आहे किंवा मूत्राशयाचा स्नायू दुबळा झाला आहे अशी शंका घेतात. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मापाने मोजून, वेळेसह लिहून नेली तर निदानाला मोठी मदत होते.

पाणी कमी करणे कृपया थांबवावे. लघवी दाट झाली की चुरचुर वाढते आणि संसर्गाची शक्यताही वाढते. त्यामुळे दिवसा नेहमीप्रमाणे पाणी प्यावे व झोपण्यापूर्वी दोन-तीन तास थोडे आवरावे. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.) शक्य तेव्हा बसून, घाई न करता लघवी करावी, थोडे थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करावा, परंतु जोर मुळीच लावू नये.

लघवी पूर्ण अडून ओटीपोट फुगले, थंडी वाजून ताप आला, लघवीतून रक्त गेले, किंवा कंबरदुखीबरोबर बसण्याची जागा बधिर झाली वा पायांतील शक्ती गेली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.