प्रशासकीय खोकी आधी उघडा
कॅथरिन स्टिम्पसन यांच्यासारख्या स्त्रीवादी समीक्षिकेचा अभ्यास करायचा, तर १९७५ साली त्यांच्या संपादनाखाली सुरू झालेले ‘साइन्स’ (Signs) हे स्त्री-अभ्यासाचे नियतकालिक तुम्ही वाचालच. परंतु पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात अधिष्ठातापद सांभाळणाऱ्या व्यक्तीचे बरेचसे काम टिपणे, इतिवृत्ते आणि अंदाजपत्रके यांतच दडलेले असते, म्हणून ग्रंथालयांत जपलेल्या अशा व्यक्तींच्या कागदपत्रांच्या संग्रहांतील प्रशासकीय खोकी रटाळ समजून बाजूला सारू नका. टंकलिखित इतिवृत्तात ‘विषय पुढे ढकलला’ एवढेच असते आणि समासात पेन्सिलीने खरडलेला एखादा शब्द खरा वाद सांगून जातो. छायाप्रतीत तो बहुधा पुसट होतो, तेव्हा मूळ कागदच मागवा.

खोक्याचा व फोल्डरचा क्रमांक प्रत्येक टिपणावर तत्क्षणी लिहा (आळसापोटी मी एकदा ते टाळले आणि एका अवतरणासाठी दोन दिवस घालवले). व्यक्तीने पाठवलेल्या पत्राची कार्बनप्रत संग्रहात नसेल, तर ते ज्याला गेले त्याच्या कागदपत्रांत शोधावे लागते. शिवाय कागद ग्रंथालयाकडे असला, तरी मजकुराचा स्वामित्वहक्क बहुधा लिहिणाऱ्याकडेच राहतो. विद्यार्थ्यांच्या आणि नेमणुकांच्या फायली अनेकदा वर्षानुवर्षे बंद ठेवलेल्या असतात, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी संग्रहपालांना लिहून विचारा.