श्रीमंत आणि गरीब देशांसाठी पर्यावरणाचे निकष वेगळे असावेत का?

पृथ्वी एकच असेल तर नियमही सर्वांना सारखेच का नकोत, आणि गरीब देशांना दिलेली सवलत म्हणजे पर्यावरणाच्या नुकसानीला दिलेला परवानाच नव्हे का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की माणसाच्या शरीरात किती विष जाऊ द्यायचे याची मर्यादा देशागणिक बदलता कामा नये. मात्र ती मर्यादा गाठायला किती वर्षे द्यायची आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा, हे देशाच्या ऐपतीप्रमाणे वेगळे असलेच पाहिजे. या दोन प्रश्नांची गल्लत दोन्ही बाजू आपापल्या सोयीने करतात आणि मग चर्चा भरकटते.

डिझेलमधल्या गंधकाचे उदाहरण घेऊ. युरोपीय संघात २००९ पासून वाहनांच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांमागे गंधकाचे १० भागांहून अधिक प्रमाण चालत नाही. गंधक जास्त असले की धुरातले सूक्ष्म कण वाढतात, शिवाय गाडीतली धूर शुद्ध करणारी यंत्रणाही निकामी होते, त्यामुळे नव्या बनावटीच्या गाड्या आणूनही हवा सुधारत नाही. असे असताना ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम आणि अँटवर्प या बंदरांच्या परिसरातून, युरोपातल्या पंपांवर विकताच आले नसते असे डिझेल पश्चिम आफ्रिकेत वर्षानुवर्षे जात राहिले. त्यासाठी तिथला कायदा मोडण्याचीही गरज नव्हती, कारण तिथली मर्यादाच कितीतरी सैल होती. घानाने २०१७ मध्ये आयात डिझेलसाठी ही मर्यादा ३००० भागांवरून ५० भागांवर आणली, तेव्हा तो देश काही एका वर्षात श्रीमंत झालेला नव्हता. शिसेयुक्त पेट्रोलचेही तसेच झाले. जपानने ते १९८० च्या दशकातच बंद केले. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, त्याची विक्री थांबायला २०२१ उजाडले. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी मुलांच्या रक्तात नसते, आणि हे सत्य कोणत्याही देशाच्या दरडोई उत्पन्नाप्रमाणे बदलत नाही.

सैल निकषांच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद १९९१ च्या डिसेंबरातल्या एका अंतर्गत टिपणात उघडपणे मांडला गेला होता. त्याच्यावर जागतिक बँकेचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांची सही होती. प्रदूषणामुळे येणाऱ्या आजारपणाची आणि मृत्यूची किंमत बुडालेल्या कमाईवरून मोजली, तर घातक उद्योग सर्वांत कमी वेतनाच्या देशात हलवणेच किफायतशीर ठरते, असा त्यातला हिशेब होता. ते टिपण उपरोधाने लिहिले होते, असा खुलासा नंतर करण्यात आला. परंतु कारखाना कुठे उभारायचा आणि सुरक्षेवर किती खर्च करायचा, हे ठरवताना हाच हिशेब मुकाट्याने केला जातो, आणि तो मला मुळातूनच अमान्य आहे. भोपाळमध्ये १९८४ साली मिथाइल आयसोसायनेट या विषारी वायूची गळती झाली, त्या रात्री टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि सुटलेला वायू जाळून टाकणारी व्यवस्थाही दुरुस्तीमुळे वापरात नव्हती. देश गरीब आहे म्हणून यांपैकी कशालाही सूट देता येईल, असे म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

आता दुसरी बाजू, जी मला तितकीच खरी वाटते. श्रीमंत देशांनी शंभर-दीडशे वर्षे धूर सोडून संपत्ती कमावली, आणि आता स्वच्छ तंत्रज्ञान परवडू लागल्यावर तेच नियम त्याच तारखेपासून सर्वांना लावायचे म्हटले, तर तो न्याय नव्हे. यावर तोडगा निघू शकतो हे ओझोनच्या थराबाबतच्या १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने दाखवून दिले आहे. ज्या विकसनशील देशांत सीएफसीसारख्या (फ्रिजमध्ये वापरल्या जाणाऱ्या, ओझोनचा थर विरळ करणाऱ्या) रसायनांचा दरडोई वापर वर्षाला ०.३ किलोपेक्षा कमी होता, त्यांना मूळ करारात दहा वर्षांची जादा मुदत मिळाली. पुढे विकसित देशांनी सीएफसीचा वापर १९९६ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१० पर्यंत थांबवायचा असे ठरत गेले. सुरुवातीला भारत आणि चीन करारात आले नव्हते. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत श्रीमंत देशांच्या पैशातून स्वतंत्र निधी उभारण्याचे ठरले, त्यानंतर ते आले. हा निधी जुन्या आणि नव्या पद्धतीतला वाढीव खर्च देतो. फ्रिज बनवणाऱ्या कारखान्याने नवा वायू वापरायचे ठरवले, की वायू भरण्याची यंत्रे बदलावी लागतात. तो वायू ज्वलनशील असेल तर गळती ओळखणारी उपकरणे बसवावी लागतात, हवा खेळती ठेवावी लागते, कामगारांना नव्याने शिकवावे लागते. नुसते ‘बदला’ म्हणण्यापेक्षा या वस्तूंचे पैसे देणे जास्त उपयोगी पडले. सवलतीची किंमतही मोजावी लागली, कारण १९९६ नंतर अमेरिकेत आणि युरोपात सीएफसीची चोरटी आयात फोफावली. तरीही शेवटचा आकडा सर्वांसाठी शून्यच होता, आणि आज ओझोनचा थर सावरू लागला आहे.

कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे मर्यादा माणशी नाही, तर साऱ्या वातावरणाची मिळून आहे, आणि ती बरीचशी आधीच वापरली गेली आहे. औद्योगिक क्रांतीपासूनच्या एकूण उत्सर्जनात सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. आजही तिथला माणूस वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास, तर भारतातला २ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइडला कारणीभूत होतो. या दोघांना सारख्याच टक्क्यांची कपात सांगणे म्हणजे आजची विषमता कायमची गोठवणे होय. म्हणून १९९२ साली रिओ येथे मान्य झालेले तत्त्व, म्हणजे जबाबदारी सर्वांची पण वाटा वेगवेगळा, मला आजही योग्य वाटते.

मात्र त्या वर्षी केलेल्या विकसित आणि विकसनशील देशांच्या याद्या मला पटत नाहीत. त्या यादीनुसार कतार आणि सिंगापूर आजही विकसनशील गटात आहेत, आणि कतारचे दरडोई उत्सर्जन जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी एक आहे. चीन जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ३० टक्के सोडतो, आणि दरडोई हिशेबातही त्याने युरोपीय संघाला मागे टाकले आहे. सवलत ऐपतीमुळे मिळत असेल, तर ऐपत वाढली की ती संपलीही पाहिजे. नाहीतर खरोखर गरीब असलेल्या देशांचा युक्तिवादच दुबळा होतो. उत्सर्जन कमी करण्याची कठोर जबाबदारी नाकारण्यासाठी अमेरिकेच्या सिनेटने १९९७ मध्ये ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला, तेव्हा विकसनशील देशांना मिळणारी सूट हेच त्यांचे निमित्त होते. मॉन्ट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीत देशांचे दोनाऐवजी अधिक गट करून प्रत्येकाला वेगळी मुदत दिली आहे, ती दिशा मला बरी वाटते.

पैशाचा भाग राहिला, आणि खरी अडचण तिथेच आहे. गरीब देशांच्या हवामानविषयक कामांसाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे आश्वासन श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत दिले. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशेबाप्रमाणे तो आकडा २०२२ मध्ये गाठला गेला, आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा होता. दुसरीकडे युरोपीय संघाने सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खते अशा आयात मालावर, तो बनवताना सुटलेल्या कार्बनच्या प्रमाणात, आकार लावणे १ जानेवारी २०२६ पासून सुरू केले आहे. मोझांबिकसारखा अतिगरीब देश युरोपला ॲल्युमिनियम विकत आला आहे, आणि त्यालाही या आकारातून सूट नाही. या आकाराला माझा सरसकट विरोध नाही, कारण तो नसेल तर कारखाने फक्त सैल नियमांच्या देशात पळतील. पण तिथून गोळा होणारा पैसा त्याच देशातल्या भट्ट्या आणि वीजपुरवठा सुधारायला परत गेला पाहिजे, आणि अतिगरीब देशांना मॉन्ट्रियल करारासारखी ठरावीक वर्षांची मुदत मिळाली पाहिजे. या दोन अटी युरोपने मान्य केल्या, तर तोच आकार मी उघडपणे पाठिंबा देण्याजोगा मानेन. तोवर आयातीच्या या नियमाबाबत मी गरीब देशांच्या तक्रारीच्या बाजूने आहे.