'शुल्त्से' म्हणजे सरपंच की पाटील?

विचारणा अशी आहे : जर्मनीतल्या झ्यूटन या छोट्या गावाचा इतिहास एक वाचक मराठीत आणत आहेत. सन १७०० च्या सुमाराच्या मजकुरात गावच्या प्रमुखाला 'शुल्त्से' म्हटलं आहे. शब्दकोशात 'महापौर' मिळालं, पण ते एवढ्याशा गावाला शोभत नाही. मग 'सरपंच' लिहावं का?

माझं उत्तर : नको. 'पाटील' लिहा.

शब्द कसा बनला ते आधी बघू. 'शुल्त्से' हे 'शुल्टहाइस' या जुन्या शब्दाचं झिजलेलं रूप आहे. त्यातल्या 'शुल्ड'चा अर्थ देणं, कर्तव्य. आणि 'हाइसेन' म्हणजे आज्ञा करणं. ज्याचं जे देणं लागतं ते त्याला द्यायला लावणारा, तो शुल्टहाइस. म्हणजे गावाने निवडलेला प्रतिनिधी हा अर्थ मुळात नाहीच. वरच्या सत्तेचा वसूल आणि हुकूम गावापर्यंत पोचवणारा माणूस, हा आहे. आपल्याकडे हे काम पाटलाचं होतं. सरपंच निवडणुकीतून येतो. त्या पदामागे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आहे. अठराव्या शतकातल्या शेतकऱ्याला सरपंच म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे मतपेटी येते.

साम्य इथेच संपत नाही. जर्मन वसाहतकार पूर्वेकडे सरकत गेले, तेव्हा नवी गावं वसवणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी शुल्त्सेपद वंशपरंपरेने मिळे. सोबत शेतसाऱ्याची माफी असलेली जमीन आणि गावच्या न्यायनिवाड्यातल्या दंडाचा काही वाटा, बहुधा तिसरा हिस्सा, मिळे. हे वतनच झालं. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या पूर्वेकडच्या प्रांतांत हे वंशपरंपरागत पद १८७२ च्या कायद्याने गेलं. आपली मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. पद गेलं तरी आडनाव दोन्हीकडे उरलं. शुल्त्स, शुल्त्से, शोल्त्स ही सगळी त्याच शब्दाची रूपं आहेत. २०२१ साली जर्मनीचे चान्सलर झालेले ओलाफ शोल्त्स हे या हिशोबाने आडनावाने पाटीलच.

आता झ्यूटनकडे वळू, कारण इथे हा शब्द जास्तच जपून वापरायला हवा. हे गाव लोअर सॅक्सनी राज्यातल्या वेंडलांड भागात, ल्यूशो या छोट्या शहराजवळ आहे. वेंड म्हणजे स्लाव, पोलिश-रशियन भाषांच्या कुळातली भाषा बोलणारे लोक. जर्मन लोक त्यांना याच नावाने ओळखत. पश्चिमेकडच्या टेकड्यांना 'द्रावेन' म्हणतात, त्यातही लाकूड, झाड या अर्थाचा स्लाव शब्द आहे. हा मुलूख गोल गावांसाठी प्रसिद्ध आहे. मधे मोकळं अंगण, भोवती घोड्याच्या नालासारखी घरं, त्यांची तोंडं अंगणाकडे, आत यायला एकच वाट आणि घरांच्या पाठीमागे शेतं. शुल्त्सेचं घर बहुधा या वाटेच्या बरोबर समोर असे. गावात शिरणाऱ्याची पहिली नजर त्याच घरावर पडे. गावच्या रचनेतच पाटलाचा मान दिसावा, असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. आपल्याकडे तो मान पोळ्याला आणि होळीला दिसतो.

झ्यूटनचा नावाजलेला माणूस योहान पारुम शुल्त्से. जन्म १६७७, मृत्यू १७४०. शेती करायचा, गावचा गुत्ता चालवायचा आणि गावचा शुल्त्सेही होता. या माणसाने १७२५ च्या आसपास गावकीची बखर लिहिली आणि तिच्यात आपल्या मरत चाललेल्या वेंडी भाषेचे शब्द टिपून ठेवले. भाषाशास्त्रज्ञ या भाषेला पोलाबी म्हणतात; एल्ब नदीच्या स्लाव नावावरून हे नाव आलं. त्याने लिहिलं आहे की मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे; मी आणि गावातली आणखी तीन माणसं गेलो, की कुत्र्याला वेंडीत काय म्हणतात हेही कुणाला नीट सांगता येणार नाही. ही ओळ मी कितीदा वाचली असेल, दर वेळी थांबतोच. त्या शतकातच भाषा खरोखर संपली. आज तिच्याबद्दल जे थोडं कळतं, त्यात या गावच्या पाटलाचा वाटा मोठा आहे.

एक सावधगिरी बाळगा. शहरातल्या 'शुल्टहाइस'ला हा शब्द चालणार नाही. फ्रँकफुर्टमध्ये हे पद शहराच्या न्यायसत्तेच्या शिरोभागी होतं आणि जर्मन कवी गटेचे आईकडचे आजोबा त्यावर होते. तिथे 'नगरन्यायाधीश' बरा. तसंच त्या मजकुरात आजच्या काळातला 'ब्युर्गरमाइस्टर', म्हणजे निवडून आलेला गावचा किंवा शहराचा प्रमुख, आला, तर गावापुरता 'सरपंच' खुशाल लिहा.

तेव्हा पहिल्या उल्लेखात 'गावचा पाटील, म्हणजे तिथला शुल्त्से' असं लिहून पुढे नुसतं 'पाटील' ठेवा. फक्त योहान पारुम शुल्त्सेच्या नावातला 'शुल्त्से' तसाच राहू द्या, त्याचं भाषांतर करू नका.