पायरी चुकली, असं लिहिता ना?

"माझ्याबद्दल काय लिहिलंय बघा!" मूल्यमापनाचे दिवस आले की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या शिक्षकांकडून हे हमखास ऐकू येतं. यंदाही तिघांकडून ऐकलं, म्हणून एकीची गोष्ट सांगते. ओळख अर्थातच बदलली आहे.

गणिताच्या बाई, बारा वर्षांचा अनुभव. वर्गनिरीक्षणाचा अहवाल इतक्यांदा उघडून मिटला होता, की घडीवर कागद फाटायला आलेला. झोप उडाली होती.

"ताई, मी वाईट शिक्षिका ठरले."

पहिल्या तीन भेटी ऐकून घेण्यातच गेल्या. चौथ्या भेटीत म्हटलं, "मोठ्यानं वाचा."

"मागच्या दोन बाकांवरच्या मुलांनी शेवटपर्यंत वह्या उघडल्या नाहीत."

"मुलाचं गणित चुकलं, तर वहीत काय लिहिता?"

"दुसरी पायरी तपास, असं."

"मुलगा वाईट, असं नाही?"

बाई गप्प झाल्या. मीही बोलले नाही. ही शांतता न मोडणं मी वर्षानुवर्षांच्या सरावानं शिकले आहे. बऱ्याच वेळानं त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे दोन बाकांबद्दल आहे." मग आवाज चढला, "आणि त्या दिवशी वर्गात दोन तुकड्या होत्या! एका शिक्षकाची जागा रिकामी आहे, ती मुलंही माझ्याकडेच बसवतात."

कृतीचं मोजमाप होतं, माणसाचं नाही, ही मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची मांडणी मी मनापासून मानते. पण शिक्षक ती रोज वह्यांवर वापरतात आणि स्वतःला मात्र तिच्यातून वगळतात, हे मला त्या दिवशी उमगलं.

तेव्हापासून सगळ्यांना सांगते. निरीक्षणाआधीच विचारा, नेमकं काय बघणार? अहवाल आला की दिसलेलं आणि त्यावरून काढलेलं अनुमान वेगळं करा. पटसंख्या, रिक्त जागा लेखी कळवा. त्याला सबब म्हणत असतील तर म्हणू द्या. आणखी एक तास, आणखी एक निरीक्षक मागा. अमेरिकेत सुमारे ३,००० शिक्षकांचा अभ्यास करणाऱ्या 'मेट' (मेजर्स ऑफ इफेक्टिव्ह टीचिंग, म्हणजे परिणामकारक अध्यापनाची मोजमापं) प्रकल्पातही एकाहून अधिक तास आणि निरीक्षक असले की मूल्यमापन अधिक भरवशाचं ठरतं, असंच दिसलं. मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती, मदतीला बसणारा आणि शेरा लिहिणारा एकच नसावा. गुण देणाऱ्यासमोर आपली अडचण कोण मोकळेपणानं मांडेल?

बाईंनी एवढंच मागितलं, की आठवड्यातून दोन तास एका सहकाऱ्यानं मागच्या बाकांजवळ बसावं. होकार यायला तीन आठवडे लागले. रिकामी जागा अजून भरलेली नाही.