हातात खाऊ दिसला तरच पिल्लू बसतं. खाऊ देऊन शिकवणं चुकतंय का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: कुत्र्याचं पिल्लू अडीच महिन्यांचं आहे. खाऊ दाखवला की झटकन बसतं, हात रिकामा दिसला की तोंड फिरवून निघून जातं. आडवं करायला जावं तर मागचा भाग वर उचलतं, आणि उभं राहायचं कसं शिकवावं हे कळत नाहीये. त्यात घरातली मोठी माणसं म्हणतात की खाऊ देणं म्हणजे लाच, पाठ दाबून बसवा म्हणजे आपोआप शिकेल.

मी बरीच वर्षं पिल्लांना कायमचं घर मिळेपर्यंत आपल्या घरी सांभाळते, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना बसणं, आडवं होणं आणि उभं राहणं शिकवते. तेही खाऊ देऊनच. त्यामुळे ठामपणे सांगते, खाऊ वापरलात हे उत्तमच केलंत. फक्त तो तुमच्या हातात गरजेपेक्षा जास्त दिवस राहिला. पिल्लानं खाऊच्या मागे जायचं ते पहिल्या काही वेळा. त्यानंतर त्यानं तुमचा हात वाचायला शिकायचं असतं.

आधी लाचेचं बघू. लाच काम होण्याआधी दाखवतात, बक्षीस काम झाल्यावर देतात. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं 1898 मध्ये मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. पेटीत कोंडलेलं मांजर खटपट करता करता कधीतरी योग्य दोरी किंवा कडी ओढायचं, बाहेर यायचं आणि मग त्याला खायला मिळायचं. पुढच्या खेपांना तेच मांजर हळूहळू कमी वेळात बाहेर पडू लागलं. ज्या कृतीनंतर चांगलं काही घडतं ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे तत्त्व त्यातून आलं. तुमचं पिल्लू बसतं, नंतर त्याला खाऊ मिळतो, तेव्हा हेच चाललेलं असतं. खाऊ आधी दाखवणं ही फक्त सुरुवातीची वाट दाखवण्याची सोय. ती सोय काढून घेतली नाही तर मात्र मोठ्यांचं म्हणणं खरं ठरतं, कारण पिल्लू आधी हातात काय आहे ते बघून ठरवायला लागतं.

पाठ दाबून बसवू नका, अगदी हलक्या हातानंसुद्धा. दाब आला की पिल्लू त्याच्या उलट दिशेनं जोर लावतं, म्हणजे तुम्ही खाली ढकलता आणि ते वर ताठ होतं. शिवाय या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात, कंबरेवर आणि मागच्या पायांवर भार टाकणं बरं नाही. आणि दाबून बसलेलं पिल्लू स्वतः काही ठरवत नाही, त्यामुळे दाब गेला की त्याला काय करायचं ते समजत नाही. पूर्वी गळ्यातल्या साखळीला झटके देऊन शिकवायची पद्धत असल्यामुळे सहा महिन्यांच्या आत पिल्लाला शिकवायला घेत नसत. इयन डनबार या पशुवैद्यांनी 1980 च्या दशकात अमेरिकेत लहान पिल्लांसाठी पट्ट्याशिवाय चालणारे वर्ग सुरू केले आणि खाऊच्या मागे नाक नेऊन शिकवण्याची रीत घरोघरी पोचवली. अडीच महिन्यांचं पिल्लू त्यासाठी मुळीच लहान नाही.

तयारी थोडीच लागते. खाऊ मऊ हवा आणि वाटाण्याच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान. बिस्किटाचा तुकडा चघळण्यात आणि सांडलेला चुरा हुंगण्यात पिल्लाचं लक्ष जातं आणि धागा तुटतो. उकडलेलं चिकन चालतं, रोजच्या जेवणातले दाणे बाजूला काढून ठेवले तर फारच छान. वरचा खाऊ दिवसभराच्या आहाराच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नका. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही कुत्र्यांना विषारी असतं, घरातल्या लहान मुलांनाही हे सांगून ठेवा. जेवणाच्या आधी, शी-शू उरकल्यावर, दोन-तीन मिनिटं शिकवायचं आणि थांबायचं. खाली सतरंजी किंवा रबरी मॅट हवीच. गुळगुळीत फरशीवर पाय घसरायला लागले की पिल्लू आडवं व्हायलाच बिचकतं, आणि आपल्याला वाटतं ते हट्टी आहे.

बसणं तुमच्या पिल्लाला येतंय, पण हाताची रीत तपासून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तळहात वरच्या बाजूला ठेवून खाऊ अंगठ्याखाली धरा आणि नाकाला टेकेल इतका जवळ न्या. मग हात नाकावरून कपाळाच्या दिशेनं, थोडा वर आणि मागे, सावकाश सरकवा. नाक वर गेलं की मान मागे जाते, आणि मान मागे गेली की बूड आपोआप खाली टेकतं. हात उंच नेलात तर ते उडी मारेल. मागे मागे सरकत असेल तर भिंतीच्या कोपऱ्यात उभं करून घ्या. बूड टेकलं की त्याच क्षणी 'येस' म्हणा आणि मग खाऊ द्या. हा छोटा शब्द फार कामाचा आहे. खाऊ तोंडाशी पोचेपर्यंत पिल्लू पुन्हा उठलेलं असतं, मग त्याला वाटतं उठण्याबद्दल मिळाला. नेमकं काय बरोबर झालं हे 'येस' दाखवून देतं, म्हणून तो अर्ध्या सेकंदाच्या आत यायला हवा.

आता आडवं होणं. इथे बहुतेकांचं अडतं, तेव्हा जरा सविस्तर सांगते. बसलेल्या पिल्लाच्या नाकापासून खाऊ सरळ खाली न्या, पुढच्या दोन पंजांच्या मधोमध, जमिनीला टेकेपर्यंत. पुढे ओढायची घाई करू नका. मागचा भाग वर येतो तो बहुतेक वेळा याच घाईमुळे, कारण खाऊ लांब गेला की त्याला गाठायला पिल्लू उठून चालायला लागतं. हात जमिनीवर, तळवा खाली, खाऊ तळव्याखाली झाकलेला, आणि तिथेच थांबा. पिल्लू तुमची बोटं चाटेल, हुंगेल, पंजानं खरवडेल. तुम्ही गप्प राहायचं. थोड्या वेळानं एक कोपर वाकतं, खांदे खाली येतात. तेव्हा हात जमिनीवरूनच बोटभर पुढे किंवा पंजांच्या दिशेनं बोटभर आत सरकवा, कुठल्या बाजूनं छाती टेकते ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. दोन्ही कोपरं टेकली की 'येस', आणि खाऊ हातातून न भरवता जमिनीवर, पंजांच्या मध्ये ठेवा. खाली राहिल्यानं खाऊ मिळतो हे त्यामुळे लवकर पटतं.

एवढं करूनही मागचा भाग वर येतच असेल तर जमिनीवर बसा, एक गुडघा वाकवून पायाची कमान करा आणि खाऊ कमानीच्या पलीकडून धरून पिल्लाला खालून बोलवा. कमान इतकी बुटकी ठेवा की सरपटत यावं लागेल. पोट जमिनीला लागलं की तिथेच 'येस'. सध्या माझ्याकडे असलेल्या लांब पायांच्या, बारीक अंगाच्या पिल्लाला छाती टेकायला नको वाटायचं, कोपर वाकायचं आणि स्प्रिंगसारखं परत सरळ व्हायचं. त्याला मी आधी फक्त कोपर वाकवण्याबद्दल खाऊ दिला, मग खांदा खाली येण्याबद्दल, आणि शेवटी पूर्ण आडवं होण्याबद्दल. अर्धवट जमलेल्या गोष्टीलाही बक्षीस द्यावं असं माझं मत आहे. सगळं एकदम मागितलं की लहान पिल्लू कंटाळून निघून जातं, आणि त्यात त्याची चूक नसते.

उभं राहणं कुणी फारसं शिकवत नाही, आणि मला ते पटत नाही. डॉक्टरांकडे तपासताना, अंग पुसताना, ब्रश करताना, पट्टा घालताना पिल्लू शांत उभं राहणं याच्याइतकं उपयोगी काही नाही. रीत सोपी आहे. बसलेल्या पिल्लाच्या नाकासमोरून हात जमिनीला समांतर, नाकाच्याच उंचीवर, त्याच्यापासून दूर न्या. ते पाऊल पुढे टाकत उठतं. चारही पाय सरळ झाले की हात थांबवा, 'येस' म्हणा, आणि पुढे चालायला लागण्याआधी खाऊ द्या.

आणि आता तुमचा मूळ प्रश्न. एखादी गोष्ट खाऊच्या मागे जाऊन चार-पाच वेळा सलग नीट जमली की पुढच्या वेळी हात रिकामा ठेवा. बोटं तशीच, हाताचा वेगही तोच, फक्त आत खाऊ नाही. नाकाला वास लागत नाही म्हणून पिल्लू क्षणभर गोंधळेल. हात तसाच ठेवून थांबा. ते बसलं की 'येस', आणि खाऊ दुसऱ्या हातातून किंवा मागच्या टेबलावरच्या वाटीतून द्या. ती वाटी पिल्लाला दिसणार नाही अशी ठेवा. रिकाम्या हाताचं ऐकलं तरीही खाऊ येतो, आणि तो कुठून येईल सांगता येत नाही, हे एकदा कळलं की हात तपासायची सवय मोडते. तुमच्या पिल्लाला ही सवय आधीच लागली आहे, म्हणून सुरुवातीला एकदा खाऊचा हात, एकदा रिकामा हात असं आलटून पालटून करा. रिकाम्या हातावर जमलं तर बक्षीस मोठं द्या, एकामागोमाग दोन-तीन तुकडे. रिकाम्या हातानं अजिबात जमलं नाही तर हात मागे घ्या, दोन पावलं फिरा, पुन्हा करा. खिशातून खाऊ काढून दाखवायचा मात्र नाही. नेमकं तिथेच त्याची लाच होते.

शब्द सर्वात शेवटी. कुत्री बोलण्यापेक्षा हालचाल आधी टिपतात, म्हणून शब्द आणि हात एकदम आले तर ते हातच बघतात आणि शब्द नुसता कानावरून जातो. हाताच्या खुणेवर हमखास बसायला लागलं की आधी 'बस' म्हणा, सेकंदभर थांबा, मग हात हलवा. काही दिवसांनी हात हलण्याआधीच ते बसेल. शब्द एकदाच उच्चारायचा, 'बस बस बस' नाही. 'बस', 'सिट' काहीही चालेल, पण घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द आणि एकच खूण वापरा.

तिन्ही गोष्टी जमल्या की क्रम बदलत राहा. बसून आडवं, आडवं असताना बस, बसून उभं, उभं असताना थेट आडवं, आडवं असताना थेट उभं, उभं असताना बस. रोज ठरलेल्याच क्रमानं घेतलं तर ते क्रम पाठ करतं आणि हात वर जायच्या आधीच लोळण घेतं. आडवं असताना बसायला लावणं थोडं अवघड जातं, तिथे हात नाकापासून सरळ वर न्या.

बाहेर नेलंत आणि घरात उत्तम बसणारं पिल्लू काहीच ऐकेना झालं तर रागावू नका. कुत्र्याला एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी लागू करणं सहज जमत नाही. दुसऱ्या खोलीत, गच्चीत, दारात, मग रस्त्याच्या कडेला, प्रत्येक ठिकाणी खाऊच्या हातापासून सुरुवात करा. तिथे ते बरंच लवकर जमतं. खाऊ कमी करायला पुढे भरपूर वेळ आहे. सगळीकडे हातावर आणि शब्दावर जमायला लागलं की कधी द्या, कधी नुसतं कौतुक करा, कधी दार उघडून बाहेर जाऊ द्या.

शिकवताना बोटांना दात लागत असतील तर मूठ मिटून धरा, चावणं थांबून चाटणं सुरू झालं की उघडा. दुधाचे दात पडून नवे येईपर्यंत, साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात, हे पुन्हा वाढतं. आणि एक लक्षात ठेवा: चांगलं बसणारं पिल्लू अचानक बसायला टाळू लागलं, बसताना एक पाय बाजूला टाकू लागलं किंवा उठताना कण्हलं, तर शिकवणं थांबवून त्याला डॉक्टरांना दाखवा.