पाचगणीच्या घरात लाकडावरचा स्टोव्ह बसवायचा आहे. छपराला भोक न पाडता भिंतीतून पाइप काढला तर चालेल का? आणि हिवाळ्याला जळण किती लागेल?

नाही चालणार. छपरातूनच काढा, आढ्याजवळून, सरळ वर. जळणाचा हिशोब सोपा आहे, तो खाली उरकतो. पण भिंतीतून पाइप काढायचं हे खूळ आमच्या भागात आर्किटेक्ट मंडळींनी पसरवलंय आणि निस्तरायला साताऱ्याहून माझ्यासारख्या फॅब्रिकेटरला बोलावतात, म्हणून आधी ते.

भिलारच्या बाजूला एका कौलारू बंगल्यात असाच स्टोव्ह आहे. सहा मिलिमीटर प्लेटची बॉडी, आत फायरब्रिक, दाराला सिरॅमिक काच. मालकांनी कुठे हात आखडला नव्हता. माझ्या ड्रॉइंगमध्ये पाइप छपरातून होता. आर्किटेक्टसाहेबांनी तो खोडला. म्हणे, इथला पाऊस माहीत नाही का, छपराला भोक पाडलं की जुलैत हॉलमध्ये बादल्या मांडाव्या लागतील. मग स्टोव्हच्या पाठीमागून नव्वद अंशांचा एल्बो (वळणाचा तुकडा), चार फूट आडवा पाइप आणि पूर्वेच्या भिंतीतून वळचणीखाली तोंड. पूर्वच का, तर पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. पावसाचा हिशोब अगदी बरोबर! पण थंडीत आपल्याकडे वारा पूर्वेकडून येतो, आणि कड्यावर त्याला अडवायला काही नसतं. तो थेट पाइपाच्या तोंडात शिरतो. दार उघडलं की धूर खोलीत.

वारा पडला तरी सुटका नाही. धूर ओढला जातो तो पाइपाच्या उभ्या उंचीमुळे आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे. युरोपात बाहेर शून्याखाली असतं, तिथे कमी उंचीचं धुराडंही ओढून नेतं. पाचगणीला रात्री आठ-दहा अंश, म्हणजे फरक कमी, म्हणून इथे उंची जास्तच हवी. स्टोव्हच्या माथ्यापासून टोकापर्यंत किमान पंधरा फूट धरा. आडव्या चार फुटांचा ओढीला काहीच उपयोग नाही, उलट अडथळाच. शिवाय भिंतीबाहेरचा उघडा पाइप गार पडतो. धूर साधारण 120 अंशांच्या खाली आला की त्यातली वाफ आणि डांबर पाइपाला आतून धरतं. त्या बंगल्यात पांढऱ्या भिंतीवर कोऱ्या चहासारखे ओघळ आले होते. वास मार्चपर्यंत गेला नाही.

ओघळ यायचं दुसरं कारण म्हणजे पाइपाचे तुकडे उलटे जोडले होते. मिस्त्री म्हणतो, धूर वर जातो, म्हणून खालच्या तुकड्याचं तोंड वरच्याच्या आत घाला. धूर वर जातो, पण डांबर खाली येतं आणि अशा जोडातून बाहेर पडतं. वरच्या तुकड्याचं दुमडलेलं तोंड खालच्याच्या आत बसलं पाहिजे, पागोळीचा पाइप जोडतो तसंच. मग जे गळेल ते आतल्या आत परत जाळात येऊन जळेल. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू मारा.

आता छपराचं भोक. ते गळत नाही, नीट केलं तर. आढ्याच्या जितकं जवळ जाल तितकं वरून वाहून येणारं पाणी कमी. बाहेर पाइपही थोडाच काढावा लागतो, म्हणून तो गरम राहतो. उंचीचा नियम असा: छपरातून निघतो तिथून तीन फूट वर, आणि आडव्या दहा फुटांत छपराचा जो भाग येईल त्याच्यापेक्षा दोन फूट उंच. भोकाभोवती पत्र्याची कॉलर येते. तिची वरची कड वरच्या कौलांच्या खाली सरकवायची आणि खालची कड खालच्या कौलांच्या वर बसवायची. इथेच निम्मे लोक चुकतात, सगळी कॉलर कौलांवर ठेवून सिमेंट थापतात. पाइप तापला की वाढतो, निवला की आक्रसतो, सिमेंटला चीर पडते आणि मग छपराला नावं ठेवतात. सिमेंटचा कणही नको. पाइप कॉलरमधून मोकळा सरकला पाहिजे, आणि त्या फटीवर पाइपाला घट्ट आवळलेली छत्रीसारखी दुसरी रिंग, तिच्या वरच्या कडेला उष्णता सोसणारं सिलिकॉन. टोकाला टोपी, वाऱ्याला न जुमानणारी.

वासे आणि रिपा लाकडी असतील तर एकेरी पाइप त्यांच्यापासून अठरा इंच लांब ठेवा. तेवढं अंतर छपरापाशी मिळत नाही, म्हणून तिथून वर दुहेरी पाइप: आत सहा इंची, 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा, बाहेर दहा इंची, मधल्या दोन इंचांत रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) ठासून. तरीही लाकडापासून चार इंच मोकळे सोडा. आतल्या पाइपाला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा अजिबात वापरू नका. जस्त 419 अंशांना वितळतं, त्याचा धूर विषारी.

त्या बंगल्यात शेवटी हेच केलं. भिंतीचं भोक बुजवलं, पाइप स्टोव्हच्या माथ्यावरून सरळ वर नेला, एकही एल्बो नाही. त्यानंतर पावसाळा होऊन गेला. बादली मांडावी लागली नाही.

जळण. खोली 12 बाय 15, उंची दहा फूट धरली तर साधारण 50 घनमीटर. तुम्हाला बाहेरच्यापेक्षा दहाएक अंश जास्त हवेत, त्याला चांगल्या बांधलेल्या घरात दोन-तीन किलोवॉट पुरतील. पण कौलांच्या फटींतून ऊब निघून जाते, म्हणून चार धरा. सुकं लाकूड किलोला साधारण चार युनिट उष्णता देतं, त्यातली पावणेतीन खोलीत येते. संध्याकाळी पाच तास पेटवला तर 20 युनिट, म्हणजे सात-आठ किलो. डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य धरून सहा क्विंटल. ओलं असेल तर जवळपास दुप्पट, आणि तरी ऊब नाही.

वखारवाल्याच्या 'सुकलंय'वर विश्वास ठेवू नका. टोकाला चिरा दिसल्या म्हणजे आतून सुकलं असं नाही. एक ओंडका फोडा, मधली फोड काढून वजन करा, चुलीजवळ ठेवून वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. 500 ग्रॅमची 400 झाली तर 20 टक्के ओल, चालेल. 350 झाली तर परत पाठवा. बाभूळ पहिल्या नंबरची, निखारा बराच वेळ टिकतो. सुबाभूळही चांगली. निलगिरी ओली असतानाच फोडा, वाळली की पीळ सोडत नाही. पाचगणीला सिल्व्हर ओक मिळतो, तो हलका, भुरकन जळतो, पेटवणीला ठीक. जळण जानेवारीत घ्या, तीन-चार इंची फोडी करून मार्च ते मे खाली वाईच्या उन्हात वाळवा आणि पहिल्या पावसाआधी बाजू मोकळ्या असलेल्या शेडमध्ये रचा. बंद खोलीत रचलं तर पाचगणीच्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते.

पेटवताना जाड फोडी खाली, ढलप्या वर, आणि काडी वरून लावा. धूर कमी होतो, पाइप लवकर तापतो. पहिली वीस मिनिटं स्टोव्हची हवेची झडप पूर्ण उघडी. रात्री हवा बंद करून धुमसत ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डांबर त्यानेच साठतं आणि एक दिवस धुराड्यातच पेट घेतं. तसं झालं तर हवा बंद करून घराबाहेर पडा, फायर ब्रिगेडला फोन लावा, पाणी ओतू नका.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू असेल तर सरळ पाइपही उलटा ओढतो. नवीन स्लायडिंग खिडक्या हवा आत येऊ देत नाहीत, त्यांच्या घरात स्टोव्हजवळ खाली चार इंची हवेचा पाइप बाहेरून आणा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हॉलमध्ये आणि झोपायच्या खोलीत लावाच. त्या वायूला वास नसतो. आणि महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, आपल्या आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडू नका, जळण विकतच घ्या.

तुमच्या आर्किटेक्टने तरीही भिंतीचाच आग्रह धरला तर त्यांना हिवाळ्यातल्या वाऱ्याची दिशा विचारा. आणि काम संपल्यावर तुकडे कसे जोडलेत ते स्वतः स्टुलावर चढून पाहा.