कोल्हापुरात घडणाऱ्या हेरकथेत वेळेशी शर्यत खरी कशी वाटेल?

आधी कट कुठे आणि किती वाजता तडीस जाणार ते पक्कं करा, मग तिथून उलटं मोजत या. समजा मुंबईत सकाळी १० ला स्फोट आणि तुमचा हेर आदल्या रात्री ९ ला रंकाळ्यावर. रस्ता पावणेचारशे किलोमीटरचा, सात-आठ तासांचा, हातात तेरा. मग धाप कसली लागणार? बहुतेक कथा इथेच ढिल्या पडतात.

वेळ कापा, पण ऐनवेळी टायर पंक्चर करून नको. ऑगस्ट घ्या. पंचगंगा चढली की शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येतं. २०१९ आणि २०२१ ला वाहतूक बंदच पडली होती. राजाराम बंधाऱ्याची पातळी पहिल्या प्रकरणापासून सरकवत न्या: इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ वर. वाचक स्वतःच आकडे मोजायला लागतो.

आणखी एक, रॉ किंवा आयबीच्या माणसाला अटकेचा अधिकार नसतो. बेड्या पोलीस किंवा एटीएसच घालणार. म्हणजे मध्यरात्री एखाद्या ठाणे अंमलदाराला पटवावं लागेल, आणि तो प्रसंग पाठलागापेक्षा रंगतो, तो घाईत उरकू नका.

सूत्रधार लंडनमध्ये असेल तर तिथलं घड्याळ ऑगस्टमध्ये साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच.